स्पीकर भिंतीपासून सुटले!
आजची अख्खी दुपार स्पीकर सरकवण्यात गेली आणि जाम मजा आली. भिंतीला टेकलेले असताना डग्गा नुसता घुमायचा. दोन फूट पुढे ओढले, तर त्यातला घिस्सासुद्धा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला आवाज) सुटा ऐकू यायला लागला! भिंत खालचे सूर फुगवते, कोपरा त्याहून जास्त. दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधा, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर ठेवा. गाणाऱ्याचा आवाज बरोब्बर मधोमधून येतो. वायरींचे प्लस-मायनस दोन्हीकडे सारखेच हवेत, नाहीतर बास (खालचे सूर) पातळ होतो. धूळ मऊ ब्रशने झटकली. ट्वीटरच्या घुमटाला मात्र कोणीही बोट लावायचं नाही, लाडक्या भाच्यानेसुद्धा! आणि आवाज फाटायला लागला की लगेच कमी करा, ट्वीटर त्यानेच जळतात.