पाळणाघराची खिडकी

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला बडोद्याच्या अलकापुरी भागातल्या एका मोठ्या कंपनीचे नेमणूकपत्र आले आणि ते तिने मला वाचायला आणून दिले, कारण नोकरीच्या कागदांतले मावशीला कळते, अशी आमच्या घरात समजूत आहे. वार्षिक रकमेच्या तक्त्यात ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराचे ४.८१ टक्के धरलेले होते. १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेल्या नियमात सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून द्यायचा असतो. तोच हिशेब बारा महिन्यांवर पसरला की हा आकडा येतो. त्या नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या आत राजीनामा दिला तर यातले काही मिळत नाही. दीर्घ सेवेनंतर निरोपाच्या वेळी हाती ठेवायची रक्कम पहिल्याच दिवशी पगार म्हणून मोजून दाखवलेली पाहून मला मनापासून वाईट वाटले.

मी १९८९ मध्ये बडोद्याबाहेरच्या एका मोठ्या रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तोवर आमच्या शहराला मोठ्या कारखान्यांची चांगली सवय झाली होती. अलेम्बिक तर १९०७ पासूनची, कोयलीची रिफायनरी १९६५ ची आणि इंडियन पेट्रोकेमिकल्स १९६९ ची. ज्यांचे आजोबा गायकवाडांच्या कचेऱ्यांत कारकुनी करत होते, अशा कितीतरी मराठी घरांतली मुले या कारखान्यांत गेली. दांडिया बाजारातून सकाळी सव्वासहाला सुटणाऱ्या आमच्या बसमध्ये निम्मे बोलणे मराठीतच चाले.

माझी मुलगी सात महिन्यांची असताना मी पुन्हा कामावर रुजू झाले. कारखान्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवे, असे तेव्हाचा १९४८ चा कारखाना कायदा सांगत असे. आम्ही जेमतेम बावीस होतो, म्हणजे कंपनीवर कसलेही बंधन नव्हते, तरीही पाळणाघर होते. ते प्रशासकीय इमारतीच्या मागे, कडुनिंबाच्या सावलीत होते आणि त्याची खिडकी आमच्या प्रयोगशाळेच्या वाटेवर उघडत असे. नमुने आणायला जाता-येता मला मुलगी झोपली आहे की खेळते आहे, ते दिसे. तिथल्या बाईंची नेमणूक कंपनीने केलेली होती, पगारपत्रकावर त्यांचे नाव होते आणि दिवाळीत बोनस आमच्याइतक्याच टक्क्यांनी त्यांनाही मिळे. ही गोष्ट मला तेव्हा साधी वाटली होती; आज ती सगळ्यांत मोठी वाटते.

कँटीनच्या समितीवर मी दोन वर्षे होते. तिथे एक जाडजूड नोंदवही असे. डाळीत गूळ फार पडतो, ही मराठी मंडळींची तक्रार त्यात वारंवार दिसे, आणि तिसऱ्या पाळीला रात्री दोन वाजता गार पोळ्या मिळतात, ही सगळ्यांची. प्रत्येक तक्रारीखाली कोणीतरी उत्तर लिहून, तारीख घालून सही करायची, असा दंडक होता. पोळ्यांच्या तक्रारीवर आमचे महाव्यवस्थापक एका रात्री स्वतः येऊन जेवले आणि पुढच्या आठवड्यापासून तिसऱ्या पाळीसाठी वेगळा स्वयंपाकी आला.

सगळेच चांगले होते, असे मी म्हणणार नाही. कंत्राटदाराची माणसे आमच्या शेजारी तेच काम करत आणि झाडाखाली बसून घरचा डबा खात. तेव्हाच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने त्यांच्याही सोयींची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर टाकलेली होती, हे समितीत असूनही मी कधी मांडले नाही. त्याची खंत मला आहे.

पुढे मालकी बदलली. कँटीनचे कंत्राट दिले गेले, नोंदवही बंद झाली आणि पाळणाघरात जुन्या फायली भरल्या. पगार मात्र वाढला, आणि तो वाढल्यामुळे आम्ही फारसे बोललो नाही.

भाचीचा मुलगा आता सव्वा वर्षाचा आहे. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे लागते, हे मी तिला सांगितले, आणि ते कुठे आहे, हे सही करण्यापूर्वी विचारायला लावले. सोय एका खासगी पाळणाघराशी करार करून केलेली आहे, असे उत्तर आले. पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वाघोडिया रोडचा होता. अलकापुरीहून तिथे दिवसातून चार वेळा कोण जाणार? तिने पुन्हा पत्र लिहून कार्यालयाजवळची जागा मागितली आहे. उत्तर अजून आलेले नाही आणि नेमणूकपत्र सही न करता तिच्या कपाटात ठेवलेले आहे.