रात्रीच्या तापमानावर चालणारी बाग: वर्षभराची नोंद

नोंदवहीत पेरणीच्या तारखेशेजारी आता पहाटेचं किमान तापमानही लिहिलं जातं. उष्ण हवामानात महिन्यापेक्षा तो आकडा कामाचा.

टोमॅटोवरून हे लगेच कळतं. तापमान दिवसा 32-35 अंशांच्या वर जात असेल आणि रात्री 22-24 च्या खाली उतरत नसेल, तर परागकण कमजोर होतात आणि फुलं देठापासून गळतात. खत वाढवून काही होत नाही. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो. बी पेरल्यापासून पहिल्या फुलापर्यंत दोन-अडीच महिने जातात, म्हणून थंड रात्री सुरू होण्याआधी तेवढे दिवस मागे मोजून पेरायचं. म्हणजे बहुधा पाऊस ओसरत असतानाच. कुंडी निदान 20 लिटरची हवी. लहान कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते, संध्याकाळी चिंब होते, आणि या चढउतारात कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. बूड काळं पडतं. अंड्याची टरफलं टाकून ते थांबत नाही. पाणी नियमित द्यायचं आणि 5 सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं.

गारवा आहे तोवरच पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर उरकायची. धणे हलके रगडून दोन फाकी करायच्या, सेंटीमीटरभर खोल पेरायच्या. उगवायला आठ-दहा दिवस सहज लागतात, तोवर वरचा थर वाळू द्यायचा नाही. ऊन वाढलं की कोथिंबीर फुलावर जाते. मग कापत बसू नका, बी धरू द्या. मावा (रस शोषणारी बारीक कीड) पानांच्या मागे बसतो. लिटरभर पाण्यात आधी 1-2 मिली द्रवसाबण, मग 5 मिली कडुनिंबाचं तेल. साबण चुकला की तेल वर तरंगतं आणि पानं करपतात. फवारणी संध्याकाळीच.

उन्हाळा भेंडी, गवार, चवळी आणि राजगिऱ्याचा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पेरायचं, शेंगा 7-10 सेंमीच्या असतानाच काढायच्या. निबर झालेली शेंग झाडावर राहिली की पुढची फुलं मंदावतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या बाहेरून पांढऱ्या रंगवा किंवा एकमेकींना चिकटवून ठेवा, नाहीतर उन्हाकडच्या बाजूची मुळं भाजतात. पालेभाज्यांवर 50 टक्क्यांचं शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) पुरतं.

वेलींना मादीफुलं (मागे इवलंसं फळ असलेली) येतात पण फळं पिवळी पडून गळतात, ही नेहमीची तक्रार. बहुतेकदा परागीभवनच झालेलं नसतं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी, कारलं, भोपळ्याची सकाळी. दुधीला सकाळी ब्रश फिरवणं म्हणजे फुकटची मेहनत. ताजं नरफूल तोडून, पाकळ्या काढून, मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच घासायचं. सुरुवातीला फक्त नरफुलंच आली तर घाबरू नका.

पावसात कुंड्या विटांवर उचलायच्या, बशा काढून टाकायच्या. कुंडीतल्या मातीच्या मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी, जाड वाळू जास्त. पानं पिवळी दिसली की खत घालण्याआधी बोटभर खोल माती तपासा: चिखल असेल तर मुळांना हवा नाही, आणि खताने त्रास वाढेल. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावर, मूठभर गांडूळखत. रोपांच्या ट्रे आडोशाला, वाऱ्यावर; दाट पेरलेली रोपं बुडाशी कुजून आडवी होतात ती याच दिवसांत.