नावलर आणि ताडपत्रं

श्रीलंकेतल्या जाफन्याजवळच्या नल्लूरचे तमिळ विद्वान आरुमुग नावलर ५ डिसेंबर १८७९ रोजी गेले. शैव शिक्षणाचा कैवारी म्हणून त्यांचं नाव घेतात, पण ऐन उमेदीत त्यांनी पीटर पर्सिव्हल या मिशनऱ्यासोबत बायबलच्या तमिळ भाषांतरावर काम केलं होतं. शाळा कशी चालवायची, पुस्तक कसं छापायचं, हे सगळं तिथेच जवळून पाहिलं. १८४८ मध्ये जाफन्यातल्या वण्णारपण्णैला स्वतःची शैव शाळा काढली, पुढच्याच वर्षी छापखान्याचं यंत्र आणायला मद्रास गाठलं. मुलांसाठी ‘बालपाडम्’ ही इयत्तावार वाचनमाला लिहिली. १८६४ मध्ये चिदंबरमलाही शाळा उघडली.

खरी कसोटी मात्र जुने तमिळ ग्रंथ ताडपत्रांवरून छापताना. लोखंडी लेखणीने पान फाटू नये म्हणून अक्षरावरचा ठिपका, म्हणजे तमिळचं हलन्त चिन्ह, बहुधा गाळलेला. त्यामुळे ‘क’ की ‘क्’ हे संदर्भावरूनच ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ एकसारखे. मराठीतल्या कान्यासारखी खूण आणि ‘र’ यांतही फरक नाही. पद्याच्या ओळी सलग, त्यात किडीची भोकं. एका प्रतीवर विसंबलात तर फसलातच. अनेक प्रती ताडून, छंद मोजून पाठ ठरवावा लागे.

त्यांच्या गद्यात संधी सोडवलेले, विरामचिन्हं दिलेली. पंडितांना नव्हे, वाचकाला सोपं व्हावं म्हणून. मला हेच त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. ताडपत्रांवरून ग्रंथ छापण्याचा त्यांचा वसा तमिळ संपादक सी. वै. दामोदरम पिळ्ळै यांनी पुढे नेला आणि १८८७ मध्ये ‘कलित्तोगै’ हा प्राचीन तमिळ काव्यसंग्रह छापला.