हिरव्या काट्यावर भरवसा ठेवू नका

दसऱ्याच्या आसपास आमचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचं काम, सुरू होतं. त्याआधी यंत्रांना ऑइल-ग्रीस होतं, रोलर घासून घेतात, पट्टे ताणतात, वजनकाट्याला हार पडतो. या धांदलीत भिंतीवरच्या लाल सिलिंडरकडे कोणी वळूनही बघत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी बघायचं तेच.

मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये स्टोअर सांभाळते. आग विझवायच्या सिलिंडरांचं रजिस्टरही माझ्याकडेच असतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी घ्यावा लागतो, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र. पण जुलैत जिन बंद असतं. जानेवारीत ऐन हंगाम असतो, आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. ऑक्टोबरात पहिली गाडी आत येते त्या दिवशी सिलिंडरची काय दशा आहे, ते जुलैच्या कागदावर कुठून दिसणार? म्हणून हंगामाआधीची तपासणी आमची आम्ही करतो, आणि पुढे महिन्याच्या महिन्याला.

"ताई, काटा तं हिरव्यात हाये, मंग कायले उतरवता?" असं आमचे फिटरभाऊ दरवर्षी विचारायचे. सिलिंडरवरच्या दाबाच्या डायलचा काटा हिरव्या पट्ट्यात असला म्हणजे आत नायट्रोजनचा दाब आहे, एवढंच कळतं. नळी मोकळी आहे का, आतली आग विझवायची पावडर सुटी आहे का, दांडा अडवून धरणारी पिन निघते का, यातलं काहीच काटा सांगत नाही. गेल्या हंगामाआधी सरकीच्या शेडमधलं सहा किलोचं सिलिंडर आम्ही उतरवलं. काटा बरोबर, पिनेचं प्लास्टिकचं सील शाबूत, रंग चकचकीत. नळीच्या तोंडात बोट घातलं तर बोट आत जाईना. तोंडाशी रुईचे तंतू दाटून नमद्यासारखे घट्ट बसले होते. ते चिमट्याने ओढून काढले, तर त्यामागे वाळलेली माती. कुंभारीण माशीने नळीत घर केलं होतं. सायकलच्या स्पोकने कोरत गेलो तशा एकामागून एक कोठड्या फुटत गेल्या आणि पिलांसाठी साठवलेल्या वाळक्या अळ्या कागदावर पडल्या. फिटरभाऊंनी ती नळी बराच वेळ हातात धरून बघितली. आता ते सिलिंडर उतरवतात तेव्हा आधी नळीच बघतात, काटा नंतर.

नळीनंतर पावडर. एबीसी पावडरमध्ये मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. प्रेसच्या हादऱ्याने ते तळाशी दबत जातं, आणि कधी ओल शिरली असेल तर त्याचे गठ्ठे होतात. सिलिंडर उलटं करून कानाशी धरायचं. पावडर सुटी असेल तर खाली घसरताना सरसर ऐकू येते, हातालाही वजन सरकल्याचं कळतं. काहीच सरकलं नाही तर ते बाजूला काढायचं, मग काटा कुठेही असो. पिनेचंही तसंच. कुणीतरी हरवलेल्या पिनेच्या जागी बाइंडिंग वायर पिळून ठेवतो, आणि ती वायर आगीच्या वेळी पक्कड असल्याशिवाय सुटत नाही.

रिफिलच्या बाबतीत एक गोष्ट मनाला लागलेली आहे. एका वर्षी सिलिंडरं भरून आली, प्रत्येकाला नवं कार्ड, नवी तारीख. पण पाठवण्याआधी मी व्हॉल्व्हपासून टाकीपर्यंत, सांध्याला ओलांडून जाणारी नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली होती. काहींवरची रेघ जशीच्या तशी होती. म्हणजे व्हॉल्व्ह खोललाच नव्हता, जुन्याच पावडरीवर नवं कार्ड लावलं होतं. पैसे गेले याचं दुःख आहेच, पण त्या कार्डाच्या भरवशावर शेडमध्ये माणसं काम करतात याचा राग जास्त येतो. त्या माणसाला आम्ही पुन्हा बोलावलं नाही. रेघ मात्र दरवेळी मारते, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने मारावी. प्रेशर टेस्टची तारीखही टाकीवर बघून घ्यावी. पावडरच्या सिलिंडरची तीन वर्षांनी, सीओटूची (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या सिलिंडरची) पाच वर्षांनी, हा धडा मी रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलाय.

सीओटूच्या सिलिंडरला काटाच नसतो. ते आमच्याकडे इलेक्ट्रिक पॅनलजवळ आणि ट्रान्सफॉर्मरच्या खोलीबाहेर आहेत. ते तोलूनच बघावे लागतात. नळी आणि भोंगा सोडवायचा, इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचं आणि टाकीवर कोरलेलं रिकामं वजन वजा करायचं. साडेचार किलोच्या सिलिंडरमधून साडेचारशे ग्रॅमपेक्षा जास्त गॅस कमी झाला असेल तर भरायला पाठवायचं. दिवसभर कापूस तोलणाऱ्या जिनात सीओटू तोलायला काटा नाही असं कोणी म्हणू शकत नाही. आणि पश्चिमेच्या भिंतीला हे टांगू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात सीओटूचा दाब फार वाढतो, सुरक्षेची चकती फुटून सगळा गॅस निघून जाऊ शकतो.

आता कापसाचं. कापसाची आग वर दिसते त्याहून आत जास्त असते, हे जिनात काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही, तरी दरवेळी विसरायला होतं. मागच्या हंगामात कन्व्हेअरचं बेअरिंग तापलं आणि खाली साचलेल्या तंतूंनी पेट घेतला. ज्वाळ जवळच्या रुईच्या ढिगावर गेली. फिटरभाऊंनी पावडर मारली, ज्वाळ तिथल्या तिथे बसली, सगळे हुश्श करून चहाला गेले. एक म्हातारी कामकरीण तेवढी ढिगापाशी थांबली होती. तिला वास आला. हात लावून बघितला तर ढीग आतून गरम. मग फावड्याने ढीग पसरला, आत लाल ठिणग्या धुमसत होत्या, त्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या. पावडर ज्वाळ मारते, आतला निखारा तिच्याने विझत नाही. कापसाला शेवटी पाणी लागतं आणि ढीग उसकटावा लागतो. सीओटू तर मोकळ्या रुईवर मारूच नये, त्या झोताने पेटलेले तंतू उडून दुसरीकडे पडतात.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावर हेच झालं होतं. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. आग गाठींमध्ये होती, वरून पाणी मारत होते, पण तिचं मूळ सापडत नव्हतं. दुपारी चारनंतर स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. आमच्याकडे १४ ला बाबासाहेबांची जयंती, अर्धंअधिक जिन मिरवणुकीत असतं, म्हणून आमचं प्रात्यक्षिक १५ ला होतं.

प्रात्यक्षिकासाठी वेगळा खर्च लागत नाही. जी सिलिंडरं रिफिलला जायचीच आहेत ती आधी इथे माणसांच्या हातून रिकामी करायची. पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) पेटवायची, वारा पाठीशी घेऊन उभं राहायचं, पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबून झोत डावी-उजवीकडे फिरवायचा. सहा किलोची पावडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद टिकते. हे आकड्याने सांगून पटत नाही, हातात सिलिंडर रिकामं झालं की पटतं. कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचणाऱ्या बायांना मी मुद्दाम पुढे बोलावते, कारण आग लागली की ढिगाशी त्याच असतात. त्यातूनच कळलं की दोन सिलिंडरं त्यांच्या डोक्याच्याही वर टांगलेली आहेत. भरलेलं सिलिंडर नऊ-दहा किलोचं, ते वरून काढताना अंगावर येतं. खुंट्या त्याच दिवशी खाली घेतल्या.

वाळूच्या लाल बादल्यांबद्दल मी रागावूनच बोलते. त्यांचं बूड गोल असतं, ते बादल्या दुसऱ्या कामाला वापरता येऊ नयेत म्हणून. तरी त्यात खर्ऱ्याच्या पन्न्या, थुंकी आणि बिडीची थोटकं सापडतात. कापसाच्या शेडमध्ये बिडी आत आली कशी, हा पुढचा प्रश्न. तालुक्याहून बंब यायला अर्धा तास तरी जातो, तोवर आपल्याजवळ हीच वाळू, हेच पाणी आणि हीच सिलिंडरं.

एक सवय आम्ही नव्याने लावली आहे. एकदा दांडा दाबला, मग झोत क्षणभरच का गेला असेना, ते सिलिंडर परत खुंटीवर टांगायचं नाही. व्हॉल्व्हच्या सीटवर पावडरचे कण अडकतात आणि काही दिवसांत दाब निघून जातो. असं सिलिंडर स्टोअरच्या दाराशी आडवं ठेवायचं, मी त्याच दिवशी रजिस्टरमध्ये नोंद करून बदली सिलिंडर देते.