सासूबाईंचं फौजेतलं नाव

आमच्या आळीतले फौजेतून नायक म्हणून निवृत्त झालेले एकजण वारले आणि त्यांच्या बायकोची फॅमिली पेन्शन अडकली. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ही तीच बाई असं ठामपणे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तोच गेला होता. दिवसकार्याहून परत आल्याबरोबर मी मामांना त्यांची ट्रंक उघडायला लावली.

मामा म्हणजे माझे सासरे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून ऐंशीच्या दशकात हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव होतं, तेही माहेरचंच. फौजेच्या पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर लॉगिन करून पाहिलं, तर जोडीदाराच्या रकान्यात तेच नाव आणि जन्मतारखेची जागा रिकामी.

यात कुणी काही चुकवलं होतं असंही नाही. आमच्या सातारा भागात तेव्हा लग्नात मुलीचं नाव सर्रास बदलायचे. लग्न झालं 1973 साली. रजा संपवून मामा पलटणीत हजर झाले आणि बायकोचं नाव सांगताना त्यांच्या तोंडी जे होतं ते सांगून मोकळे झाले. त्यावर पार्ट टू ऑर्डर निघाली. जवानाचं लग्न, मुलांचे जन्म, नावातला बदल, सगळं या ऑर्डरनंच नोंदलं जातं, आणि जवानांच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस मानतं ते तिलाच. इकडे रेशन कार्ड, मतदार यादी, बँकेचं पासबुक, पुढे आधार आणि पॅन, सगळीकडे आत्या सासरच्या नावानं वावरल्या.

"फौजेचा कागद खोटा आसतोय व्हय?" हा मामांचा पहिला प्रश्न. त्यांचा आर्मी नंबर त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी येतो, स्वतःचा मोबाइल नंबर मात्र मला विचारतात. अशा माणसाला पलटणीतली नोंद बदलून घ्यायला तयार करणं हेच या सगळ्यातलं अवघड काम होतं, बाकीचं कारकुनी. शेवटी आत्याच म्हणाल्या, "तुमच्या माघारी मी कुणाकुणाला सांगत हिंडू, मीच ती म्हणून?" तेव्हा कुठे मामांनी चष्मा मागितला.

गावातल्या जाणत्यांचा सल्ला वेगळाच होता. आधारवरच माहेरचं नाव घालून घ्या, लवकर उरकेल. मी ऐकलं नाही. मग बँक, पॅन, रेशन कार्ड, मतदार यादी सगळंच उलटं फिरवावं लागलं असतं. एका ठिकाणची नोंद बाकी सगळ्यांशी जुळत नसेल तर ती एकच दुरुस्त करावी, आणि तीही स्वतः पेन्शनर हयात आहे तोवरच. त्याच्या सहीचा अर्ज आणि विधवेचा अर्ज यांत फार फरक पडतो.

साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एका माजी सुभेदारांनी कागद नीट समजावून दिले. अर्ज पाठवायचा तो पेन्शनरच्या स्वतःच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे, आर्टिलरीचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. गावातली सगळी पत्रं बेळगावलाच जातात या समजुतीनं आर्टिलरीवालेही तिकडेच पाठवतात. अर्जात आर्मी नंबर, रँक, नाव या क्रमानं ओळख, खाली विनंती दोन-तीन वाक्यांत. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, दोघांचं आधार आणि पॅन, पासबुक, दोघांचा एकत्र फोटो, प्रतिज्ञापत्र, आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती.

प्रतिज्ञापत्राला मात्र जपा. कोर्टाच्या आवारातल्या टंकलेखकाकडे मजकूर तयारच असतो: "मी माझे नाव बदलले आहे, यापुढे मला अमुक नावाने ओळखावे." आत्यांनी काल-परवा नाव बदललेलं नाही; पन्नास वर्षांपूर्वी लग्नात ते बदललं. आम्हाला हवं होतं ते वेगळंच: लग्नापूर्वीचं हे नाव आणि लग्नानंतरचं हे नाव, दोन्ही एकाच व्यक्तीची, आणि ती व्यक्ती अमुक नंबरच्या हवालदाराची पत्नी. मी तो मजकूर घरून लिहून नेला. टंकलेखकाला ते आवडलं नाही, पण टाइप केलं. इंग्रजी स्पेलिंग आधारवरचं, अक्षर न् अक्षर तसंच. नावापुढचं 'बाई' जोडून की सुटं, हेसुद्धा पाहून घेतलं, कारण एका कागदावर जोडून आणि दुसऱ्यावर सुटं असेल तर ती नवी तफावत.

जाहिरात एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात दिली. कात्रण न काढता पूर्ण पान जपून ठेवलं, म्हणजे तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव दोन्ही दिसतात.

जन्मतारखेचं कामही त्याच अर्जात घातलं. पेन्शनर ऐंशीचा झाला की पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला 30, नव्वदीला 40, पंच्याण्णवला 50 आणि शंभरीला 100 टक्के. फॅमिली पेन्शनलाही हेच लागू आहे. पण नोंदीत जन्मतारीखच नसेल तर बाई ऐंशीची झाली हे कुणी ठरवायचं? मामांची तारीख गुरुजींनी लावलेली, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखी 1 जून. आत्या शाळेतच गेल्या नाहीत. आधार आणि पॅनवर एकच तारीख होती म्हणून निभावलं.

स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवली आणि वाट पाहिली. मध्ये एका टप्प्यावर कागद परत आले: एकत्र फोटोवर साक्षांकन नव्हतं. ते करून पुन्हा पाठवले. बेळगावहून नवी पार्ट टू ऑर्डर निघाल्याचं पत्र आलं तेव्हा मामांनी ते तीनदा वाचलं आणि तारीख, नंबर तपासून म्हणाले, "बरोबर हाय." तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात गेलं आणि काही महिन्यांनी 'स्पर्श'वर दुरुस्तीचा पीपीओ दिसू लागला. नाव सासरचं, जन्मतारीख भरलेली. त्याची एक प्रत बँकेत दिली, एक ट्रंकेत ठेवली. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर अजून जुनंच नाव आहे, त्याचा अर्ज गेल्या आठवड्यात भरला.