शिंदी, कांदाटी खोरे: कसे जावे, केव्हा जावे

शिंदीला जायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही पावसाच्या मर्जीवर. एक खेडहून खोपीमार्गे रघुवीर घाट चढून, दुसरी महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरून बार्जने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून. गाव सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यात. पण बाजार आणि रेल्वे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला. तहसीलच्या कामाला पाण्यापलीकडे जायचे आणि किराण्याला घाट उतरायचा. कोयना धरणाचे पाणी 1960च्या दशकात खोऱ्यात चढले, नदीकाठची शेती बुडाली, तेव्हापासून हे असेच चालले आहे.

मी कोकण रेल्वेने खेडला उतरून एसटी धरली. खोऱ्यात जाणाऱ्या गाड्या मोजक्या, त्यामुळे फलकावरची वेळ बघून थांबू नका. आज गाडी वर जाणार का, मुक्कामी राहणार का आणि सकाळी किती वाजता खाली येणार, हे चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. खोपी सोडली की चढण लागते. घाटमाथ्यावरून खाली कोकण आणि मागे जावळीचे रान दिसते. फोटोंसाठी बहुतेक गाड्या इथूनच परत फिरतात. पुढचे गाव कुणी बघत नाही, याचे मला वाईट वाटते.

गावात शिरताच बंद दारे दिसली. घरे पक्की, अंगणे झाडलेली, पण कड्यांना कुलपे. ओसरीवर बसलेल्या आजींना विचारले, गावात माणसे किती? त्या म्हणाल्या, "आत्ता इचारतोस का गणपतीत?" खोऱ्यातली कर्ती पिढी मुंबई-नवी मुंबईत माथाडी कामाला, नोकरीला गेलेली. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात घरे भरतात, एरवी म्हातारी माणसे आणि थोडी पोरे. 2011ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. येती मोजणीही 2027च्या फेब्रुवारीत, शिमग्याआधीच. म्हणजे कागदावर गाव सर्वांत रिकामे असतानाच मोजले जाते. त्याच आकड्यावर एसटीच्या फेऱ्या आणि शाळेचे शिक्षक ठरणार असतील, तर गणपतीला येणाऱ्या आणि म्हातारपणी कायमचे परतणाऱ्या माणसांचे काय? रस्ता आणि दवाखाना जवळ असता तर यातले कितीतरी जण गेलेच नसते, असे मला ठामपणे वाटते.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसाळ्यात रघुवीर घाटात दरडी कोसळतात आणि खोऱ्याचा संपर्क तुटतो. प्रशासन पर्यटकांना बंदीही घालते. ती पाळा, कारण अडकलेल्या पाहुण्याला सोडवायलाही गावचीच माणसे धावतात. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि काठाशी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, म्हणून तापोळ्याकडून येणार असाल तर बार्ज कुठे लागते आणि शेवटची फेरी कधी, हे सकाळीच विचारा. गाडीची टाकी खेडला किंवा महाबळेश्वरला भरा. रोख पैसे आणि नेहमीची औषधे जवळ ठेवा. मोबाइलला रेंज मिळेलच असे धरू नका.

शिंदीहून वळवणमार्गे चकदेवच्या डोंगरावर जाता येते. आसपास व्याघ्र प्रकल्पाचे जंगल असल्याने स्थानिक वाटाड्या घ्या, त्याची मजुरी आधी ठरवा आणि त्यात घासाघीस करू नका. जेवण सांगायचे असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या. बाजार घाटाखाली आहे, चार पाहुण्यांचा शिधा कुणाच्याही घरात तयार नसतो. नाचणीची भाकरी आणि पिठले मिळाले तर पोटभर खा आणि पैसे स्वतःहून द्या.

स्वतःची गाडी असेल तर निघण्यापूर्वी खेडला कुणाला यायचे आहे का, हे गावात विचारा. माझ्या परतीच्या एसटीत औषधे आणायला निघालेले एक बाबा होते. ती गाडी चुकली असती तर त्यांचा अख्खा दिवस गेला असता. आणि घाट उजेडीच उतरा, धुके दुपारनंतर केव्हाही भरते.