मिशी, मशीन आणि बिजासनचा घाट

मे महिना, धुळ्याचं ऊन तुम्हाला माहितीये, दुपारची ओपीडी संपत आलेली आणि शेवटचा नंबर शिरपूर तालुक्यातल्या एका ड्रायव्हर भाऊंचा, सोबत वहिनी. मी केसपेपरवर नाव-गाव लिहीपर्यंत हा माणूस समोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपला. डुलकी वगैरे नाही, मान छातीवर, तोंड उघडं आणि घोरणं चालू. वहिनींनी कोपराने ढोसलं तर दचकून म्हणाले, "हां साहेब, बोला."

केळीची गाडी दिल्लीला नेतात हे. मागच्या महिन्यात बिजासनच्या घाटात डोळा लागला, क्लीनर ओरडला म्हणून वाचले. हे ते हसत सांगत होते आणि वहिनी जमिनीकडे बघत होत्या. मग त्यांनी मोबाईल काढला. रात्रीचा व्हिडिओ, मच्छरदाणीच्या आतून काढलेला. भाऊ उताणे, घोरणं अगदी ट्रॅक्टर चढावर चढावं तसं, आणि एकदम बंद. "देखा, आते थांबना," वहिनी म्हणाल्या. छाती-पोट वरखाली होतंय पण हवा जातच नाहीये, आणि व्हिडिओत मागे बाईंचा हळू आवाज येतो, त्या आकडे मोजताहेत. अडतीसला भाऊंनी फुरफुर करून श्वास ओढला. हे त्या रोज रात्री मोजतात म्हणे. मी वीस वर्षं ईएनटी करतोय पण त्या मोजण्याने पोटात कसंतरीच झालं.

हा स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. त्यावर रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन असतं, पण भाऊंचं वेगळंच ठरलेलं होतं. मेहुण्याचं कुठेतरी घोरण्याचं ऑपरेशन झालेलं, घोरणं गेलं. "साहेब, माले मशीन-बिशीन काही नको, एकदाव कापी टाका ना." पैसेही घेऊनच आलेले.

आता इथे सर्जनचा मोह काय असतो ते मी खरं सांगतो. पेशंट स्वतः ऑपरेशन मागतोय, टाळू आणि पडजीभ कापायचं ऑपरेशन मला येतं, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी ते बऱ्यापैकी मोकळ्या हाताने केलंय. त्यातले एक गुरुजी दोन वर्षांनी आले, घोरणं बंद, बायको खूश, पण दिवसा झोप तशीच आणि बीपी वाढलेलं. परत टेस्ट केली तर श्वास थांबणं जवळपास पहिल्याइतकंच. म्हणजे मी फक्त भोंगा काढला होता, इंजिनाचा बिघाड तसाच. वर पाणी पिताना अधूनमधून नाकातून येतं ही तक्रार वेगळी. तेव्हापासून मी आधी बघतो की नेमकं अडतंय कुठे.

यांची मान ४४ सेंटीमीटर, बीएमआय ३४ म्हणजे उंचीच्या मानाने वजन बरंच जास्त, टॉन्सिल अगदी बारके, आणि तोंड उघडायला लावलं तर जिभेच्या मागे काही दिसतच नाही. टॉन्सिल लिंबाएवढे असते, टाळू नीट दिसला असता, अंग बारीक असतं तर मीच म्हटलं असतं चला ऑपरेशन करू, कारण तसल्या माणसाला खरंच फायदा होतो. घरी एक रात्र स्लीप टेस्ट लावली. तासाला ५२ वेळा श्वास अडतोय, रक्तातला ऑक्सिजन ६८ टक्क्यांपर्यंत खाली. तासाला पाचच्या आत नॉर्मल, तिसाच्या वर गेलं की सिव्हिअर.

तरी भाऊ ऐकेनात, म्हणून झोपेचं औषध देऊन दुर्बीण टाकून बघायचं ठरवलं. तो दिवस माझ्या लक्षात राहणार. औषध चढलं, घोरणं सुरू झालं आणि स्क्रीनवर टाळूच्या मागची जागा चारी बाजूंनी आवळली, पिशवीचं तोंड दोरी ओढून बंद करावं तशी. खाली जीभ मागे पडलेली, बाजूच्या भिंती आत आलेल्या. अडायची जागा एक नव्हती, सगळा रस्ताच मिटत होता. मी दोन बोटांनी जबडा पुढे ओढला तर सगळं उघडलं, सोडला की मिटलं. वरचा-खालचा जबडाच पुढे आणायचं मोठं ऑपरेशन असतं, त्याचे रिझल्ट चांगलेत, पण हाडं कापून प्लेटा बसवायच्या, महिनाभर पातळ जेवण, आणि ते इथे होणारं नाही. नुसता टाळू कापला तर यांचे पैसे घेऊन मी त्यांना शांतपणे गुदमरायला लावलं असतं.

रेकॉर्डिंग दोघांनाही दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "हाई तं विहिरीसारखं बुजी ऱ्हायनं."

गंमत म्हणजे टाळूचं ऑपरेशन आणि मशीन हे दोन्ही उपाय एकाच साली जगापुढे आले. १९८१ साली फुजिता यांनी टाळूच्या ऑपरेशनवर पेपर लिहिला आणि त्याच साली सिडनीच्या सुलिव्हन यांनी नाकातून हवेचा दाब द्यायच्या मशीनवर, म्हणजे सीपॅपवर. सुरुवातीची मशीनं तर व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून केलेली. त्याआधी काय होतं, तर गळ्याला भोक. हे सांगितल्यावर भाऊ पहिल्यांदा नीट जागे झाले.

मग खरा प्रश्न आला. "आमना गावमा रातले लाईट ऱ्हास का? आन् मी तं महिन्याना वीस दिन गाडीमा झोपस." मला लाज वाटली, हा प्रश्न मला आधी सुचायला पाहिजे होता. ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची, साधा कारवाला अडॅप्टर चालत नाही. आमच्या मशीनवाल्याने त्यांच्याच गॅरेजच्या मिस्त्रीशी फोनवर बोलून चोवीसचा इन्व्हर्टर बसवला, आणि ओलाव्याची टाकी बंद ठेवायला सांगितली, जास्त करंट तीच खाते. मशीन आधी महिनाभर भाड्याने घेतलं. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं, तर मालक चिडला, भाऊंच्या जागी त्यांचा चुलतभाऊ गाडीच्या फेऱ्या मारायला लागला.

मशीनमधून पहिल्या आठवड्याचा डेटा काढला, वापर रोज सरासरी दोन तास. बाकी वेळ मास्क उशीखाली. कारण? मिशी. भाऊंची मिशी अशी की त्यावर मास्क बसतच नाही, कडेने हवा फुसफुसत डोळ्यात जाते. मिशी काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, वहिनींनी म्हणून बघितलं, पुढचे दोन दिवस घरात बोलणं बंद. शेवटी नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क दिला. मिशी वाचली, पण नाकाचा पडदा डावीकडे वाकडा, त्या बाजूने हवा जाईना, आणि मशीनचा दाब वाढून पाण्याच्या तेरा सेंटीमीटरवर, झोपमोड व्हायची.

मग मी चाकू घेतला. घोरण्यासाठी नाही हां, फक्त नाकाचा पडदा सरळ केला. त्याने आजार जात नाही हे तीनदा सांगून कन्सेंटवर सही घेतली, तरी डिस्चार्जच्या दिवशी मेहुणा विचारतो, "मंग आते मशीन परत करानं ना?"

जुलैत डेटा आला, रोज साडेपाच तास, मास्क लावून श्वास अडणं तासाला चार वेळांच्या आसपास. तेव्हा गाडीवर परत जायला हो म्हटलं, अट एकच, रात्रीचा घाट नाही. आता ते म्हणे घाटाआधीच्या पळासनेरच्या अलीकडे ढाब्यावर गाडी लावतात, झोपतात आणि उजाडल्यावर चढतात.

ऑगस्टमध्ये आले तेव्हा तक्रार घेऊन, मशीन आवाज करतंय, हवा कमी येतेय. मी मागचं झाकण उघडून फिल्टर काढला. पांढरा फिल्टर तपकिरी झालेला, केबिनची सगळी धूळ आणि अगरबत्तीची राख त्यात. मशीनची पेटी केबिनमधल्या देवाच्या फोटोखाली ठेवली होती. मी नवीन फिल्टर घातला, चार जास्तीचे दिले आणि अगरबत्ती दुसऱ्या बाजूला लावा म्हटलं. भाऊ म्हणाले, देवले इचारी देखस.